किती आलं?

टू-स्ट्रोक गाडी बाळगणाऱ्या माणसाला 'काय, बरं आहे ना?' असं सहज विचारावं, तर तो म्हणतो, "कॉम्प्रेशन जरा उतरलंय." आवाज असा लागलेला असतो की पुढचा प्रश्न 'कुठे ॲडमिट केलंय?' हाच सुचावा. घरात कुणाची साखर वाढली, कुणाचा गुडघा गेला, याची त्याला गंधवार्ता नसते. पण आपल्या गाडीच्या सिलिंडरात पिस्टन वर जाताना हवा किती दाबली जाते आणि त्यातली किती रिंगांच्या फटीतून सटकते, या विचाराने त्याची झोप उडते.

आमच्या साताऱ्यात हा घोर मुख्यतः आरएक्स हंड्रेडवाल्यांना. ही यामाहा १९८५ साली आपल्याकडे आली आणि १९९६ साली बनायची थांबली. अठ्ठ्याण्णव सीसीचं इंजिन, अकरा हॉर्सपॉवर, आणि तीन गल्ल्या पलीकडे ओळखू येणारा आवाज. म्हणजे आज रस्त्यावर जी सगळ्यात तरुण आरएक्स आहे, तिचीही तिशी आली. तरी चांगल्या गाडीला मालक जी किंमत सांगतात, ती ऐकून माणूस आधी हसतो आणि मग मालक हसत नाही हे बघून गप्प होतो.

पूर्वी कॉम्प्रेशन मोजत नसत, बघत. बघायच्या रीती दोन. एक, किकवर नुसतं उभं राहायचं. किक तुमचं वजन क्षणभर पेलून मग सावकाश खाली गेली तर इंजिन ठीक. पाय ठेवताच धाडकन तळ गाठला तर पाकीट काढायचं. दुसरी रीत अधिकाराची. प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि पोराला म्हणायचं, "मार किक." हवा अंगठा उडवून लावते की नुसती कुरकुरते, यावर निकाल. आमच्या मिस्त्रींचा उजवा अंगठा या कामात मुरलेला आहे. या उपकरणावर तीनच आकडे येतात : 'हाय', 'नाय' आणि 'दिवाळीपर्यंत जाईल'. पैकी तिसऱ्या आकड्याची अचूकता थक्क करणारी होती. धनत्रयोदशीला बंद पडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मग गेज आलं. वस्तू साधी आहे. एक तबकडी, एक काटा, एक नळी आणि प्लगच्या जागी बसेल असा आटेवाला तुकडा. तबकडीच्या आत एक चपटी, वाकडी नळी असते. १८४९ साली युजेन बुर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाने तिचं पेटंट घेतलं. दाब आला की ती सरळ व्हायला बघते, आणि तिच्या त्या प्रयत्नाने काटा फिरतो. (दाब आल्यावर सरळ होणं हा गुण आजूबाजूला फारसा आढळत नाही, म्हणूनच पेटंट मिळालं असावं.)

हे गेज ऑनलाइन स्वस्तात मिळायला लागलं आणि साताऱ्यात दहावीच्या निकालाचं वातावरण कायमचं पसरलं. चहाच्या टपरीवर एक आरएक्सवाला दुसऱ्याला भेटला की पहिला प्रश्न, "किती आलं?" समोरचा पडेल आवाजात "एकशे बारा" म्हणतो आणि लगेच "पण इंजिन थंड होतं" अशी पुस्ती जोडतो. मग पहिला, जणू मुद्दाम सांगायचं नव्हतं अशा थाटात, "आपलं एकशे अठ्ठावीस," म्हणून बिस्कीट चहात बुडवतो. यात एकदा मोठा घोटाळा झाला. एक गृहस्थ 'साडेआठ' आलं म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसले होते. त्यांनी तबकडीवरची आतली रांग वाचली होती, किलोची. चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलो म्हणजे एकशे वीस पीएसआय. हे कळल्यावर सगळ्यांचा चहा त्यांनी दिला.

माझा या विषयाशी संबंध एरवी टपरीपुरताच राहिला असता. पण माझ्या ताईचा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो आणि त्याने तिथे एक जुनी यामाहा बॅन्शी घेतली. बॅन्शी ही एटीव्ही, म्हणजे चार जाडजूड चाकांची, हँडलवाली, उघडी गाडी. आपल्याकडे अशा गाड्या नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारायला देतात; बहुतेक फोर-स्ट्रोक, सोशिक आणि वाळूने जेरीस आलेल्या. बॅन्शी त्यातली नव्हे. १९८७ ते २००६ अशी वीस वर्षं ती अमेरिकेत विकली गेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन. ते यामाहाच्या आरडी घराण्यातलं, म्हणजे आपल्या राजदूत तीनशेपन्नासच्या नात्यातलं. ताईला मी हे नातं समजावून सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. "निदान ओळखीच्यातली आहे," ती म्हणाली.

एके दिवशी मी मिस्त्रींच्या गॅरेजात असतानाच भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे रात्र होती आणि चेहऱ्यावरही तीच वेळ होती.

"मामा, शंभर आलं."

"कशात?"

"कॉम्प्रेशन! डावीकडे शंभर, उजवीकडे पंचाण्णव. इथले सगळे म्हणतात एकशे वीसच्या आसपास पाहिजे. विकणारा तर म्हणाला होता, इंजिनाचं काम नुकतंच केलंय. मामा, फसलो मी."

'इंजिनाचं काम केलंय' हे वाक्य डेन्व्हरलाही म्हणतात हे ऐकून मिस्त्रींना परदेशाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. त्यांनी हात पुसले, फोन माझ्याकडून घेतला आणि तपास सुरू केला.

"थ्रॉटल कोण धरून होतं?"

भाचा गोंधळला. थ्रॉटल कुणीच धरून नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाला कॉम्प्रेशन दाखवायचं तर आधी हवा आत यायला हवी, आणि कार्ब्युरेटरची स्लाइड बंद असेल तर ती येणार कुठून? पूर्ण थ्रॉटल न देता घेतलेला आकडा हा इंजिनाचा नसून बंद दाराचा असतो. पण पूर्ण थ्रॉटल द्यायचा, जोरात किक मारायची आणि काट्याकडे बघायचं, ही तीन कामं एका माणसाची नव्हेत. आपल्याकडे यासाठी गॅरेजात पोरगं असतं. अमेरिकेत पोरगं मिळत नाही, त्यामुळे भाचेसुनेला हाक गेली. बॅन्शीला पिळायची मूठ नसते, उजव्या अंगठ्याने दाबायचा खटका असतो. ती अंगठा दाबून उभी राहिली आणि भाचा किक मारायला लागला. काटा चढता चढता मध्येच अडकला, कारण तिने खटका सोडून केस मागे घेतले होते. "धर ना!" "धरलंय!" "पूर्ण धर!" "तूच धर मग!" त्या अख्ख्या चाचणीत सगळ्यात जास्त दाब त्या क्षणी होता आणि त्याला गेज नव्हतं.

मिस्त्रींनी शांतपणे पुढचे प्रश्न विचारले. गाडी थोडी फिरवून गरम केली होती का? दोन्ही प्लग काढले का? दोन सिलिंडरच्या गाडीत एकच प्लग काढला तर दुसरं सिलिंडर किकला अडवत बसतं आणि किक हवी तेवढ्या जोरात बसत नाही. काढलेले प्लग टोपीत घालून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवले का? नाही तर एक म्हणजे इग्निशनची कॉइल जाते. आणि दुसरं म्हणजे, प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तिथेच ठिणगी उडाली तर पुढचा आकडा अग्निशमन दलाला सांगावा लागतो. किका किती मारल्या? "चार." चारावर थांबायचं असं कुठे लिहिलेलं नाही, काटा चढायचा थांबेपर्यंत मारायच्या. माझ्या पाहण्यात हा प्रश्न विचारल्यावर कुणीही खरी संख्या सांगितलेली नाही. कोल्हापूरचा तालमीतला गडी पाच किकांत काटा बसवतो, बँकेतला माणूस पाचव्या किकेला घड्याळ बघतो. हळू किकेत हवेला रिंगांतून निसटायला जास्त वेळ मिळतो, म्हणून आकडा कमी. आता यात इंजिन किती आणि बँक किती, हे काटा सांगत नाही.

मग मिस्त्री म्हणाले, "गेज दाखवा." भाच्याने कॅमेऱ्यासमोर धरलं. हातभर रबरी नळी.

"ह्याचा व्हॉल्व्ह कुठंय? टोकाला का घड्याळापाशी?"

इथे मी जरा रेंगाळतो, कारण खरी गंमत इथे आहे. गेजमध्ये एक उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, टायरच्या व्हॉल्व्हसारखा. तो आटेवाल्या टोकाला, अगदी सिलिंडरपाशी असला तर नळीतली जागा हिशेबात येत नाही. तो वर तबकडीपाशी असेल तर नळीच्या पोटातली सगळी हवा प्रत्येक किकेला नव्याने दाबावी लागते. मोटारीच्या मोठ्या सिलिंडरला याचं काही वाटत नाही. पण आरएक्सच्या पिस्टनवर, तो अगदी वर पोचल्यावर, जेमतेम दहा-पंधरा मिलिलिटर जागा उरते. तिला दोन-तीन मिलिलिटरची नळी जोडा की चांगलं इंजिन नापास. यात इंजिनाने काहीही केलेलं नसतं. तरी कित्येक निष्पाप ब्लॉक अशा नळीपायी लेथवाल्याकडे गेले, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालून परत आले आणि त्याच गेजवर तोच आकडा घेऊन उभे राहिले.

व्हॉल्व्हच्या पिनची तर वेगळीच कथा. ती पिन गेली की आपले लोक समोरच्या पंक्चरवाल्याकडून टायरची पिन आणून बसवतात. दिसायला एकच, आटेही तेच. श्रेडर कंपनीच्या या व्हॉल्व्हचं पेटंट १८९३ साली अमेरिकेत घेतलं गेलं आणि आज त्याची पिन सगळ्या जगात बसते. पण टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते आणि गेजच्या पिनची मुद्दाम मऊ ठेवलेली. कडक स्प्रिंग उघडायलाच दाबाचा काही भाग खर्ची पडतो आणि काटा कमी दाखवतो. एका हौशी माणसाने अशी पिन घातलेलं गेज सगळ्या मित्रांना आळीपाळीने वापरायला दिलं होतं. त्या महिन्यात साताऱ्यात बोअर करणाऱ्यांची चलती होती.

आकडा कमी येण्याच्या तऱ्हा एवढ्या, तर वाढवायच्याही आहेत. जुनी गाडी विकणारा माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडतो. ऑइल रिंगांना सील करतं, हे झालं पुस्तकातलं. पण पंधरा मिलिलिटरच्या जागेत पाच मिलिलिटर ऑइल स्वतःच जागा अडवून बसतं, त्यामुळे काटा दिमाखात वर जातो. गिऱ्हाईक खूश. पहिल्या किकेला सायलेन्सरमधून जो धूर निघतो त्याला विकणारा 'टू-स्ट्रोक आहे साहेब' असं म्हणतो, आणि हे खोटंही नसतं. वर्षानुवर्षं साठलेला कार्बनही असाच जागा अडवून आकडा फुगवतो. म्हणजे हेड साफ करून आणलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन पूर्वीपेक्षा उतरलेलं दिसू शकतं, आणि साफ करणाऱ्याला शिव्या मिळतात.

भाच्याच्या गेजचा व्हॉल्व्ह टोकालाच निघाला. भाचेसुनेने या वेळी केस आधीच बांधले, खटका शेवटपर्यंत दाबला, भाच्याने काटा थांबेपर्यंत किका मारल्या. तरी डावीकडे शंभर, उजवीकडे पंचाण्णव. आधी बंद थ्रॉटलला हेच आकडे कसे आले, असं मी विचारलं. तेव्हा स्लाइड वर अडकलेली होती, असं पुढे निष्पन्न झालं. त्याबद्दल भाचेसून जे बोलली ते मराठीत असूनही मी इथे देत नाही.

मिस्त्री विचारात पडले. मग म्हणाले, "गाव किती उंचावर हाय?"

हा प्रश्न आमच्या भागातला मिस्त्रीच विचारू शकतो. महाबळेश्वरच्या गाड्या त्यांच्याकडे येतात. तिथे हवा विरळ, म्हणून कार्ब्युरेटरला बारीक जेट घालावा लागतो, हे त्यांना पाठ आहे. गेज मोजतं ते इंजिनाने दाबलेली हवा, आणि इंजिन दाबणार ती गावात असेल तीच. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. डेन्व्हर आहे १६०९ मीटरवर. तिथे तो सव्वाबाराच्या आतबाहेर. म्हणजे जी बॅन्शी समुद्रकाठी एकशे वीस दाखवेल, ती डेन्व्हरला अगदी धडधाकट असतानाही शंभरच दाखवणार. आपल्याकडेही हेच. पोलादपुरात एकशे वीस दाखवणारी आरएक्स आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटरवर नेली, तर एकशे दोनच्या आसपास येईल. गाडी घ्यायची तर महाबळेश्वरात घ्यावी आणि विकायची तर पोलादपुरात, एवढं व्यापारी ज्ञान यातून सहज निघतं.

"मग उजवीकडचे पंचाण्णव?"

"दोन्हींत दहा टक्क्यांच्या आत फरक हाय न्हवं? मग पळवा. पुढल्या वर्षी हेच गेज लावा आन् बघा. दुसऱ्याचं लावू नका." एवढं बोलून त्यांनी फोन मला दिला आणि पंक्चर झालेल्या ॲक्टिव्हाकडे वळले.

यावरून कुणाला वाटेल की नीट आकडा घेतला की काळजी मिटली. मिस्त्रींच्याच गॅरेजात एक आरएक्स एकशे अठरा दाखवत होती आणि तरी तिचं आयडलिंग आपोआप चढत होतं, थ्रॉटल सोडला तरी इंजिन ओरडत राहायचं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये येतं, तिथे थोडं दाबलं जातं आणि मग बाजूच्या वाटांनी वर जातं. ही युक्ती १८९०च्या सुमारास इंग्लंडातल्या बाथ शहरी जोसेफ डे याने काढली. तिच्यामुळे व्हॉल्व्ह, कॅम, साखळी सगळं वाचलं, पण क्रँकच्या दोन टोकांना असलेली रबरी सील फाटली की बाहेरची हवा खालून आत येते. मिश्रण पातळ, इंजिन गरम, पिस्टन जाम. आणि वर प्लगच्या भोकात बसलेल्या गेजला याचा पत्ताच नाही; ते एकशे अठरावर खूश.

हे शोधायला इंजिनाची तोंडं रबरी बूच मारून बंद करायची, आत साधारण सहा पीएसआय हवा भरायची आणि काही मिनिटं थांबून ती टिकते का बघायचं. सहा पीएसआय मोठ्या गेजवर दिसतही नाही. पण शेजारच्या आजींचं ब्लडप्रेशर मोजायचं फुगा दाबायचं जुनं यंत्र तीनशेपर्यंत जातं, आणि पाऱ्याचे तीनशे मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पावणेसहा पीएसआय. जगातल्या बऱ्याच टू-स्ट्रोकवाल्यांनी हाच उपाय स्वतंत्रपणे शोधला आहे. मिस्त्रींनी ते यंत्र मागून आणलं, इंजिनाला जोडलं, साबणाचं पाणी लावलं, आणि डाव्या सीलपाशी बुडबुडे दिसले.

आजी यंत्र परत न्यायला आल्या, तेव्हा काटा दोनशे नव्वदवर होता.

"हे काय, दोनशे नव्वद! कोण आहे?"

"आजी, इंजिन हाय ते."

"असू दे. मला एकशे साठला डॉक्टर मीठ बंद करतो, आणि ह्याला तुम्ही पेट्रोल पाजणार?"

बॅन्शीचा शेवट मात्र सुखाचा झाला. भाचेसुनेला सातवा महिना लागला, गॅरेजात बाबागाडीला जागा हवी झाली, आणि भाच्याने बॅन्शी विकायला काढली. ह्यूस्टनहून एक गिऱ्हाईक आलं. ह्यूस्टन समुद्राच्या जवळ, सपाटीवर. त्याने सोबत स्वतःचं गेज आणलं होतं, लांब नळीचं. त्याच्यावर ब्याण्णव आले. भाच्याच्या गेजवर शंभर. शेजाऱ्याने उत्साहाने आपलं आणलं, त्यावर एकशे आठ. सिलिंडर तेच, किक तीच. बराच वेळ तिघे तीन गेज हातात घेऊन उभे होते. शेवटी मधल्या आकड्यावर सौदा पटला आणि गिऱ्हाईकाने अट घातली की शंभर दाखवणारं गेजही गाडीसोबत हवं. भाच्याने त्याचे वीस डॉलर वेगळे लावले.

चार दिवसांनी ह्यूस्टनहून त्याचा फोन आला. घरी पोचल्यावर त्याच गेजने कॉम्प्रेशन घेतलं होतं. दोन्हीकडे एकशे पंधराच्या वर. प्रवासात इंजिन मोकळं झालं असणार, असं म्हणून त्याने भाच्याचे मनापासून आभार मानले.

"मामा," भाचा मला म्हणाला, "जास्त मागायला हवे होते."